डीएनएची प्रत निघते कशी : १९५३ ते १९६८ ची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या पट्ट्यात ऊस बियांपासून लावत नाहीत. डोळे असलेली टिपरी सरीत दाबतात, आणि त्यामुळे को ८६०३२ या वाणाचा शिरोळमधला ऊस व करवीरमधला ऊस आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच असतो. पेशी विभागताना डीएनएची प्रत निघते आणि ती क्वचितच चुकते, म्हणून वाण टिकून राहते.

हा पदार्थ १८६९ मध्ये फ्रीड्रिश मीशर यांनी ट्युबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून वेगळा केला. तरीही आनुवंशिकता प्रथिनांत असते, हा समज १९४४ मध्ये अॅव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवरील प्रयोग प्रसिद्ध करेपर्यंत फारसा हलला नाही. पुढे डीएनएच्या घटकांपैकी अॅडेनिन व थायमिन, तसेच ग्वानिन व सायटोसिन यांची प्रमाणे सारखी असतात, हे चारगाफ यांनी दाखवले. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांनी सर्पिल रचनेचा पुरावा दिला (त्याचे श्रेय त्यांना हयातीत पुरते मिळाले नाही). आणि २५ एप्रिल १९५३ रोजी वॉटसन व क्रिक यांची दुपेडी रचना प्रसिद्ध झाली. या घटकांच्या समोरासमोरच्या जोड्या ठरलेल्या असल्याने एका पेडावरून दुसरा बांधता येईल, हे त्यांनी सुचवले.

तो तर्कच होता, आणि शोधाची कहाणी बहुधा इथेच थांबवली जाते, हे मला गैर वाटते. खरा पुरावा १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी कॅलिफोर्नियात दिला. त्यांनी ई. कोलाय जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर वाढवले, मग एकदम साध्या नायट्रोजनच्या माध्यमात टाकले आणि ठरावीक वेळाने काढलेला डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवला. घनतेनुसार त्याचे पट्टे वेगवेगळ्या जागी स्थिरावले. पहिल्या पिढीत जड आणि हलक्याच्या मधोमध एकच पट्टा दिसला, तेव्हा जुनी जोडी अखंड राहून शेजारी संपूर्ण नवी तयार होते ही शक्यता संपली. दुसऱ्या पिढीत निम्मा डीएनए मधल्या जागी आणि निम्मा हलक्या जागी आला, आणि जुने-नवे तुकडे दोन्ही पेडांत मिसळतात ही शक्यताही गेली. प्रत्येक नव्या रेणूत एक पेड जुना असतो व एक नवा.

एक अडचण उरली होती. दोन्ही पेड परस्परविरुद्ध दिशांनी धावतात, आणि कोर्नबर्ग यांनी शोधलेले पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) मात्र एकाच दिशेने साखळी वाढवते. नागोया येथील रेजी व त्सुनेको ओकाझाकी यांच्या १९६८ मधील कामातून तिचा उलगडा झाला : एक पेड सलग तयार होतो आणि दुसरा लहान तुकड्यांत, जे नंतर लायगेज हे विकर सांधते.