शुश्रूषागृहातील वृद्धांची श्रवणतपासणी : पार्श्वभूमी

वय वाढते तसे सर्वात आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७६च्या सुमारास तयार केलेल्या शिटीमुळे ही घट मोजता येऊ लागली आणि १८९०च्या दशकात डच वैद्य हेंड्रिक झ्वार्डेमाकर यांनी ती पद्धतशीरपणे मांडली. ‘स’, ‘फ’, ‘ट’ यांसारखी व्यंजने याच उंच पट्टीत येतात. त्यामुळे ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही वृद्धांची नेहमीची तक्रार अगदी नेमकी असते आणि नुसते मोठ्याने ओरडून ती दूर होत नाही.

१९२०च्या दशकात ऑडिओमीटर बाजारात आल्यावर श्रवणमापन यंत्राच्या हाती गेले. परंतु या चाचणीला शांत खोली लागते आणि आवाज ऐकू येताच बटण दाबण्याची सूचना लक्षात ठेवावी लागते. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशाकडून या दोन्ही गोष्टी जमवणे कठीण होते. म्हणून १९७७ मध्ये रोनाल्ड शो आणि मायकेल नर्बोन यांनी खास या रहिवाशांसाठी प्रश्नावली तयार केली, जिचा एक नमुना रहिवाशाने स्वतः भरायचा होता आणि दुसरा कर्मचाऱ्यांनी. ज्याला त्रास आहे त्याच्याबरोबरच त्याच्याशी रोज बोलणाऱ्यालाही साक्षीदार मानणे, हे या प्रश्नावलीचे खरे महत्त्व होय. पुढे १९८२ मध्ये आयरा व्हेंट्री आणि बार्बरा वाइनस्टीन यांची अधिक गाजलेली प्रश्नावली आली, पण ती घरी राहणाऱ्या वृद्धांसाठी होती. शुश्रूषागृहात ती जशीच्या तशी लावणे तितकेसे योग्य नाही. त्याच दशकात हातात धरण्याजोगे ऑडिओस्कोपही आले. त्यातून आधी कानात डोकावून मळ साचला आहे का ते पाहता येई आणि मग तेच उपकरण ठरावीक स्वर ऐकवी. ही सोय क्षुल्लक नव्हती, कारण वृद्धांत कानातला मळ हे बहिरेपणात भर घालणारे, तरीही सहज दूर होणारे कारण असते.

सर्वांची तपासणी सक्तीची झाली ती मात्र कायद्याने. शुश्रूषागृहांतील देखभालीच्या दर्जाविषयी १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकेतील वैद्यकीय सल्लागार संस्थेचा अहवाल आला, १९८७ मध्ये सुधारणा कायदा झाला आणि त्यातून प्रत्येक रहिवाशाच्या मूल्यमापनाचा ‘मिनिमम डेटा सेट’ हा एकसमान नमुना रूढ झाला. त्यात श्रवणासाठी ऑडिओमीटर लागत नाही. परिचारिकेने श्रवणयंत्र वापरात असल्याची खात्री करून रहिवाशाशी बोलावे, त्याच्या वागण्याचे निरीक्षण करावे, घरच्यांना विचारावे आणि ‘पुरेसे’पासून ‘अतिशय कमी’पर्यंतच्या चार श्रेणींतून एक निवडावी, अशी ही पद्धत आहे. ती राबवायला सोपी आहे. पण खोली शांत असताना समोरासमोर नीट ऐकणारा माणूस गजबजलेल्या भोजनगृहात हरवून जातो, हे तिच्यातून सहज निसटू शकते.

नमुन्याच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत आकलनाचा विभाग आधी आणि श्रवणाचा त्यानंतर येत असे. ऑक्टोबर २०१० पासून लागू झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटा झाला, आणि हा बदल मला नमुन्यातील अनेक मोठ्या बदलांहून मोलाचा वाटतो. या आवृत्तीत आकलनाच्या विभागातली स्मरणचाचणी तीन शब्द तोंडी सांगून ते पुन्हा म्हणायला लावण्यापासून सुरू होते. ते शब्द मुळात ऐकूच आले नाहीत, तर कानाची उणीव स्मृतीच्या खात्यावर नोंदली जाते.