स्प्रिंग कापल्याने गाडीची पकड वाढत नाही

नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून सातपूरपर्यंत गाड्यांची हौस असणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे पक्का आहे: स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापले की गाडी खाली बसते आणि वळणावर रस्ता अधिक घट्ट धरते. यातला पहिला भाग खरा आहे. गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडीचे कलणे किंचित कमी होते हेही मान्य. परंतु वेढे कमी झालेली स्प्रिंग अधिक कडक होते, चाकाला वर सरकायला जागा उरत नाही आणि गतिरोधकावर सस्पेन्शन थेट बंपस्टॉपवर, म्हणजे त्याची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. अशा आदळण्यात टायर क्षणभर रस्ता सोडतो. मग पकड कुठली? गॅस कटरच्या आचेने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेली ताकद, उतरते, ते वेगळेच.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसली की चाकांचा उभा कोनही बदलतो. म्हणून टायरची आतली कड हाताने चाचपून पाहावी. बाहेरची नक्षी शाबूत असताना आत तारा लागत असतील, तर चाकांचा कोन बिघडला आहे.

यावर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा, उपाय अपुरा पडतो, कारण पुष्कळ गाड्यांत तो कोन मूळ रचनेत फारसा बदलताच येत नाही. मूळ लांबीच्या स्प्रिंगा जोडीने बसवाव्यात, शॉक अॅब्सॉर्बर तपासावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंट करावे.