माहितीपटातली नुरा कुस्ती

दोन पैलवानांनी निकाल आधीच ठरवून केलेल्या कुस्तीला कोल्हापुरात ‘नुरा’ म्हणतात आणि तिथल्या खासबाग कुस्ती मैदानात बसणाऱ्या जाणत्या प्रेक्षकाच्या ती चटकन लक्षात येते. माहितीपटाच्या प्रेक्षकाला ही सोय नाही. पडद्यावरचे घडत होते म्हणून टिपले, की टिपायचे होते म्हणून घडवले, हे त्याला बहुधा कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

भारतात सर्वांत आधी टिपल्या गेलेल्या चित्रफितींपैकी एक कुस्तीचीच आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती खास कॅमेऱ्यासाठी लावली. पैलवान खरे होते, प्रसंग मात्र जुळवून आणलेला होता. तिला नुरा म्हणणे अन्यायाचे होईल, पण पुढे शतकभर चाललेल्या वादाचे बीज त्यातही दिसते.

त्या वादाला ठळक रूप आले ते रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ सालच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मुळे. कॅनडाच्या उत्तर भागातील इनुइट लोकांचे जीवन दाखवणाऱ्या या चित्रपटाच्या नायकाचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक होते आणि पडद्यावरची त्याची पत्नी प्रत्यक्षात त्याची पत्नी नव्हती. बर्फाच्या घरात तेव्हाच्या अवजड कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून एका बाजूने उघडे घर बांधून आतले प्रसंग चित्रित केले गेले. ही तडजोड समजण्यासारखी आहे. शिकारीचे तसे नाही. त्या लोकांच्या हाती बंदुका आलेल्या असतानाही फ्लॅहर्टींनी त्यांना भाल्याने शिकार करायला लावली आणि मागे पडत चाललेली रीत चालू वर्तमान म्हणून दाखवली.

पुढे ब्रिटिश माहितीपटकार जॉन ग्रिअरसन यांनी माहितीपटाची ‘वास्तवाची सर्जनशील हाताळणी’ अशी व्याख्या केली, आणि तिच्या आडोशाला बरेच काही खपले. त्यांच्याच प्रभावळीतील १९३६ सालच्या ‘नाइट मेल’मध्ये रेल्वेच्या डब्यात पत्रे वेगळी करणारे कर्मचारी टपालखात्याचेच होते, पण डबा स्टुडिओत उभारलेला होता आणि गाडी धावत असल्याचा भास व्हावा म्हणून त्यांना डुलायला सांगितले होते. डिस्नेच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये तर लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी विकत आणून, कड्यावरून ढकलून त्यांची ‘सामूहिक आत्महत्या’ रचली गेली. कॅनडाच्या दूरचित्रवाणीने १९८२ मध्ये हे उघड केले, तरी लेमिंगांविषयीचा तो समज अजून पुरता गेलेला नाही.

१९६० च्या सुमारास खांद्यावर घेता येणारा १६ मिमी कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून चालणारे ध्वनिमुद्रण यंत्र आले, त्यामुळे ‘साधनच तोकडे होते’ ही सबब संपत आली. आपल्याकडे १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी माहितीपट संस्थेच्या पटांत मात्र निवेदकाचा अधिकारी स्वर पुढेही बराच काळ टिकला. दृश्य कसे मिळवले हा प्रश्न त्या आवाजाखाली दबून जाई.

आज कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीत चित्रीकरण करताना हा प्रश्न नव्याने उभा राहतो. उजेड गेला म्हणून वस्तादांना लाल माती पुन्हा एकदा उकरून घ्यायला सांगणे हे उघड्या बाजूच्या बर्फाच्या घरासारखे आहे. एरवी मॅटवर सराव करणाऱ्या पोरांना एका सकाळपुरते मातीत उतरवून तीच त्यांची रोजची मेहनत म्हणून दाखवणे, ही मात्र भाल्याची शिकार झाली.