वर्डमध्ये एकाच वेळी पाच-सहा फायली उघड्या असतील तर (आमच्या ग्राहकांसाठी)

सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या वकिलांच्या ऑफिसांमधून आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडून आम्हाला एकच तक्रार सारखी येते, की मागच्या वर्षीचा भाडेकरार समोर ठेवून नवीन करायला घेतला आणि टाइप मात्र जुन्यातच झालं, वर सेव्हही झालं. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो हो, फक्त आपण कुठल्या खिडकीत आहोत ते बघायचं राहून जातं. म्हणून जुनी फाइल उघडली की सगळ्यात आधी एफ१२ दाबून नवीन नावाने सेव्ह करा, मग हात लावा. आणि नाव जरा ओळखू येईल असं द्या, डॉक्युमेंट१, डॉक्युमेंट२ अशी नावं असली की आम्हालाही काही कळत नाही.

वर्ड २०१३ पासून प्रत्येक फाइल आपापल्या वेगळ्या खिडकीतच उघडते, आणि खालच्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, सगळ्या एकाच डब्ल्यूच्या चिन्हामागे लपतात. तिथे नावं दिसायला हवी असतील तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये बटणं कंबाइन करायचा पर्याय आहे, तो नेव्हर करून टाका. एका फाइलमधून दुसरीत जायला कंट्रोल आणि एफ६ (काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं), नाहीतर वरच्या व्ह्यू टॅबमध्ये स्विच विंडोज, तिथे सगळी यादी येते.

आता खरी कामाची गोष्ट. जुना आणि नवा मसुदा ताडून बघायचा असेल तर प्रिंट काढून कागद कशाला घालवता, दोन्ही फायली उघडा, व्ह्यू मध्ये जा, व्ह्यू साइड बाय साइड दाबा, दोन्ही शेजारीशेजारी येतात आणि एक सरकवली की दुसरीही सरकते. एखादं कलम नवीन घातल्यामुळे ओळी पुढेमागे झाल्या तर सिंक्रोनस स्क्रोलिंग बंद करायचं, दोन्ही परत जुळवून घ्यायच्या आणि पुन्हा चालू करायचं. अरेंज ऑल पण आहे तिथेच, पण ते खिडक्या एकाखाली एक रचतं आणि तीन फायली झाल्या की वरच्या बटणांच्या पट्ट्यांनीच अर्धा स्क्रीन भरतो, आम्ही तरी वापरत नाही. वापरायचंच असेल तर कंट्रोल आणि एफ१ ने पट्टी मिटवा.

फाइल एकच पण लांबलचक आहे, पान दोनवरचं मिळकतीचं वर्णन बघत शेवटचं परिशिष्ट लिहायचंय, तर व्ह्यूमधलंच न्यू विंडो घ्या. तीच फाइल दोन खिडक्यांत दिसते, एकीत केलेला बदल लगेच दुसरीत येतो, म्हणजे ती कॉपी नाही हे लक्षात असू द्या. स्प्लिटने एकाच खिडकीचे दोन भाग करूनही हे जमतं.

बंद करताना कंट्रोल डब्ल्यू, समोरची फाइल तेवढी बंद होते. खालच्या चिन्हावर राइट क्लिक करून क्लोज ऑल विंडोज केलं तर सेव्ह न केलेल्या फायलींबद्दल विचारणा येते, तेव्हा घाईत डोन्ट सेव्ह दाबू नका, आधी फाइलचं नाव वाचा.

लायब्रेऑफिस (वर्डसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना उघड्या फायलींची यादी आणि न्यू विंडो दोन्ही वरच्या विंडो मेनूत मिळेल. एवढं करूनही अडलं तर दुकानात येताना फाइल पेनड्राइव्हवर आणा, स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही.