अंगावर पित्त उठणं आणि अॅनाफिलॅक्सिस

रविवारी दुपारी कॅज्युअल्टीत दोन पेशंट पाठोपाठ आले. आधी एक बाई. गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत लालभडक गांधी, एकीत एक मिसळून नकाशे झालेले. मनगट खाजवताना आड येतात म्हणून बांगड्या काढून पर्समध्ये टाकलेल्या, हाताला आमसुलाच्या पाण्याचे डाग. दाढ दुखत होती म्हणून डायक्लोफेनॅक घेतली होती. मागून एक गृहस्थ आले, मानेवर गांधीलमाशी चावलेले. अंगावर जेमतेम चार गांधी. गप्प बसून होते, कपाळाला घाम. "पोटात मुरडा मारतोय" एवढंच म्हणाले, तेही बसक्या आवाजात.

बाईंचे नातेवाईक म्हणाले, "आधी हिला बघा." आम्ही गृहस्थांना आडवं केलं.

दोन्हीकडे शरीरातलं हिस्टामाइन हे रसायनच सुटतं. पित्त उठतं तेव्हा ते कातडीपुरतं राहतं: गांध येते, भयंकर खाजते आणि बहुधा चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून मावळते, मग दुसरीकडे उठते. पापणी किंवा ओठ सुजला तरी श्वास आणि बीपी ठीक असतं. अॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अॅलर्जीत, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी कोसळतं, घसा आवळतो, दम लागतो, उलट्या होतात. गांधी किती उठल्या यावर काही ठरत नाही. कधी एकही उठत नाही. म्हणून आम्ही कातडीआधी आवाज ऐकतो, बीपी आणि ऑक्सिजन बघतो.

आपल्या भाषेनेही थोडा घोळ घातलाय. आम्लपित्तही पित्त आणि हेही पित्त, म्हणून लोक अंगावर उठलं की अॅसिडिटीची गोळी घेतात. गंमत म्हणजे त्यातली फॅमोटिडिन खरोखरच हिस्टामाइनला अडवते आणि काही डॉक्टर ती जोडीला देतातही. पँटोप्राझोलचा मात्र खाजेशी काही संबंध नाही.

बाईंना सेटिरिझिन या अॅलर्जीच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी, गार पाण्याच्या पट्ट्या आणि डायक्लोफेनॅक बंद. एव्हिल या अॅलर्जीच्याच औषधाचं इंजेक्शन आपल्याकडे सर्रास देतात, त्याने खाज कमी होते पण माणूस पेंगतो. घरी गाडी चालवत जायचं असेल तर पंचाईत. खाज अगदीच असह्य असेल तर थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या.

गृहस्थांना अॅड्रेनालिन: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम. एक मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये एक मिलिग्रॅम असतं, त्यातलं अर्धं. लहान मुलांना वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. सोबत ऑक्सिजन आणि सलाइन.

चूक होते ती इथेच. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देऊन "बघू" म्हणत थांबायचं. एव्हिल बीपी वर आणत नाही, सुजलेला घसा उघडत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. अॅड्रेनालिनने छाती धडधडेल या धास्तीने डॉक्टरही कचरतात. धडधडते खरी, हातही थरथरतात, पण काही मिनिटांत ओसरतं.

असं घरी झालं तर १०८ ला फोन करा आणि माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवत जिन्यावरून खाली नेऊ नका. कोसळलेल्या बीपीत एकदम उभं राहिलं की हृदयाकडे परतणारं रक्त आटतं, त्यात माणसं दगावलीत.

दहा मिनिटांत गृहस्थांचा आवाज मोकळा झाला. तरी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही जणांना काही तासांनी पुन्हा तेच सुरू होतं. बाई चिठ्ठी घेऊन निघाल्या तेव्हा जरा घुश्शातच होत्या: "एवढं अंगभर मला उठलं, आणि अॅडमिट त्यांना!"