वर्षावनांच्या मातीची तुलना : आकड्यांमागची पार्श्वभूमी

यावल-रावेरच्या पट्ट्यात माती परीक्षणाचा कागद समजावून सांगावा लागत नाही. सामू (पीएच) आठच्या आसपास, चुनखडी आहेच, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश (पोटॅश) बरा. केळी लावणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. आंबोलीच्या सदाहरित रानातली माती त्याच प्रयोगशाळेत दिली तर कागद उलटाच येईल: सामू सातच्या बराच खाली, चुना नाही, कर्ब मात्र भरपूर. गंमत अशी की दोन्हीकडचा मूळ खडक एकच, बेसाल्ट. जळगावकडे वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, आंबोलीला त्याच्या सुमारे दहापट. तिथे पावसानं चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेलं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, जांभा झाला. इकडे ते धुतलंच गेलं नाही, म्हणून आपली काळी.

या तुलनेमुळे आपल्याकडे एक समज पक्का बसलाय: जंगलाची माती पाऊस ठरवतो. सातपुड्याच्या सागवानी रानापुरतं ते चालूनही जातं. पण पाऊस सगळीकडे सारखाच मुबलक असेल आणि तरी शेजारशेजारची जंगलं वेगळी दिसत असतील, तर? वर्षावनांच्या मातीचा अभ्यास खरा तिथून सुरू होतो.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात युरोपीय प्रवासी विषुववृत्ताकडची झाडी पाहून माती सोन्यासारखी असणार असं धरून चालले. जंगल तोडून शेती केली की दोन-तीन पिकांत कस उतरतो, हा अनुभव आल्यावर मत दुसऱ्या टोकाला गेलं: सगळं अन्न झाडांतच, माती कंगाल. झाड तोडलं की जमिनीची वीट होते, अशी भीतीही विसाव्या शतकात बरीच पसरली. ती फार थोड्या जमिनींना लागू होती.

भारतात १९३६ साली जंगलांचे प्रकार ठरले, १९६८ मध्ये ती यादी सुधारून १६ गट झाले. पाया मुख्यतः हवामानाचा आणि झाडोऱ्याचा. आपला सातपुडा त्यात शुष्क पानझडीत जातो. बोर्निओत मात्र जंगलाची नावं जमिनीवरून पडली: गाळाचं जंगल, चुनखडकावरचं जंगल, पांढऱ्या वाळूवरचं खुरटं जंगल, दलदलीचं जंगल. तिथल्या इबान लोकांच्या भाषेत त्या वाळूच्या रानाला केरांगास म्हणतात, म्हणजे भात न येणारी जमीन. ही विभागणी जंगल ओळखायला सोयीची, तुलनेला अडचणीची. वाळू पाहूनच ज्याला वेगळं काढलं, त्याची माती वालुकामय निघाली हा निष्कर्ष कसला? हा दोष नंतरच्या कितीतरी तक्त्यांत तसाच शिरलेला आहे.

तरीही या विषयातलं सगळ्यात कामाचं काम बोर्निओतच झालं. १९७७-७८ मध्ये बोर्निओच्या मलेशियाकडच्या भागात, सारावाकमधल्या गुनुंग मुलू उद्यानात एक ब्रिटिश मोहीम गेली. एकाच उद्यानातली चार जंगलं निवडली: गाळावरचं, उतारावरचं उंच डिप्टेरोकार्प वृक्षांचं, वाळूवरचं आणि चुनखडकावरचं. पाऊस चारही ठिकाणी ५००० मिमीच्या घरात. प्रत्येकी एक हेक्टरचा तुकडा आखून झाडं मोजली, माती काढली. डिप्टेरोकार्पची माती आम्ल, सामू चारच्या आसपास, कॅल्शियम नावाला. गाळाची माती त्यामानाने बरी. आणि जमिनीवरच्या झाडोऱ्याचं वजन? डिप्टेरोकार्पमध्ये हेक्टरी सुमारे ६५० टन, वाळूवर ४७०, चुनखडकावर ३८०, गाळावर सगळ्यात कमी, २५०. कसदार मातीवर जास्त माल, हे शेतातलं गणित तिथे चाललं नाही.

वाद माजला तो मातीच्या आकड्यांवर, आणि तो आपल्या माती परीक्षणाच्या कागदाशीही जोडलेला आहे. आपल्या कागदावर स्फुरद (फॉस्फरस) ‘किलो प्रति हेक्टर’ लिहिलेला असतो. प्रयोगशाळा तसं मोजत नाही. ती मातीच्या वजनावर पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, ते काढते आणि त्याला २.२४ नं गुणते. कारण वरच्या १५ सेंमी थराचं वजन हेक्टरी २२.४ लाख किलो धरलेलं आहे, म्हणजे घनसेंटिमीटरला जवळपास दीड ग्रॅम. शेतजमिनीला हे ढोबळ मानाने चालतं.

मुलूच्या चुनखडकावर ते चालत नाही. शुद्ध चुनखडक पाण्यात विरघळतो आणि मागे माती म्हणून फारसं काही उरत नाही. वर साचतो तो कुजलेल्या पानांचा काळा, भुसभुशीत थर; हातात घेतला तर वजनच लागत नाही. त्याची घनता ०.२ धरा. मग १५ सेंमीच्या थराचं वजन हेक्टरी ३ लाख किलो भरतं. १०० पीपीएम असलेलं एखादं द्रव्य आपल्या गुणाकारानं २२४ किलो होईल, प्रत्यक्षात ते ३० किलोच आहे. साडेसातपट फरक, आणि तोही तो थर १५ सेंमी खोल असेल तर. खडकावर पुष्कळदा तेवढी खोलीही नसते.

त्यामुळे वजनावर मांडलं की अशी माती श्रीमंत दिसते, क्षेत्रावर मांडलं की गरीब. वजनाची बाजू घेणारे म्हणतात, घनता मोजणं जिकिरीचं आहे, मुळं आणि दगडांत नळी नीट ठोकताच येत नाही, आणि जुने सगळे तक्ते वजनावरच आहेत. ते खरंही आहे. पण झाडाचं मूळ जागा व्यापतं, ते मातीच्या वजनाच्या हिशेबानं पसरत नाही. घनता न दिलेला तक्ता वेगवेगळ्या प्रकारच्या जंगलांच्या तुलनेला निरुपयोगी मानला तरी अन्याय होणार नाही.

स्फुरदाचा दुसरा घोळ द्रावाचा, म्हणजे मातीतून स्फुरद काढायला जो द्राव वापरतात त्याचा. आपल्या चुनखडीच्या जमिनीला १९५४ची बायकार्बोनेटची पद्धत लावतात. १९४५ची आम्ल आणि फ्लोराइडची पद्धत इथे बसत नाही, तिच्यातलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो. वर्षावनाच्या आम्ल मातीत तीच जुनी पद्धत ठीक बसते. दोन्हींचे आकडे एका रकान्यात घालणाऱ्यांची तिथेही कमी नाही.

मुलूच्या उलट्या गणिताचा थोडा उलगडा पुढे अॅमेझॉनमध्ये झाला. अँडीजच्या पायथ्याकडे माती तरुण आणि तुलनेने कसदार. तिथे झाडं झपाट्याने वाढतात आणि लवकर मरतात. पूर्वेकडची माती फार जुनी, झिजलेली. तिथली झाडं सावकाश वाढतात, पण टिकतात, म्हणून उभं लाकूड जास्त. वाढीचा वेग आणि उभा साठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेगाचं सगळ्यात जवळचं नातं निघालं ते एकूण स्फुरदाशी. २०२२ मध्ये ब्राझीलच्या अॅमेझॉनमधल्या मनौस शहराजवळच्या एका प्रयोगाचे निकाल आले. तिथे जंगलातच वाफे आखून नत्र, स्फुरद आणि पालाश-कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगवेगळे आणि एकत्र घातले होते. उत्पादन वाढलं ते फक्त स्फुरदानं, पानांत आणि बारीक मुळांत. खोडांची वाढ पहिल्या दोन वर्षांत जागची हलली नव्हती.