टाइपस्क्रिप्टमधील कन्स्ट्रक्टर

क्लासपासून, म्हणजे साच्यापासून, नवा ऑब्जेक्ट घडताना आपोआप चालणारे फंक्शन. ‘न्यू’ हा शब्द वापरला की ते चालते आणि ऑब्जेक्टच्या रकान्यांत पहिल्या किमती भरते.

या कल्पनेचा उगम कोठे धरावा, याबाबत दोन भूमिका घेता येतात. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला 67 या नॉर्वेतील भाषेत क्लास होता, ‘न्यू’ही होते, पण वेगळा कन्स्ट्रक्टर नव्हता. ऑब्जेक्ट घडताना क्लासमधील विधानेच चालत. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये हाती घेतलेल्या ‘सी विथ क्लासेस’मध्ये (पुढील सी++) हे काम स्वतंत्र फंक्शनकडे आले, सुरुवातीला त्याचे नावही ‘न्यू’ असेच होते. बीज सिम्युलातले असले, तरी आजच्या अर्थाचा कन्स्ट्रक्टर सी++ पासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. जावास्क्रिप्टमध्ये (1995) साध्या फंक्शनलाच ‘न्यू’ लावून काम भागे. क्लासची मांडणी मानकात 2015 साली आली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2012 मध्ये जाहीर केलेल्या टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइप, म्हणजे किमतींचे प्रकार, जोडणारी भाषा) ती आधीपासून होती.

यवतमाळ-वर्ध्याकडच्या जिनिंगमधील काटापावती हे उदाहरण येथे नेमके बसते. कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, कापूस उतरवल्यावर रिकामी. दोन्हींतील फरक म्हणजे निव्वळ वजन. पावतीच्या क्लासमध्ये दोन्ही वजनांचे रकाने संख्या म्हणून जाहीर केले आणि कन्स्ट्रक्टरने एकच भरला, तर कडक तपासणी चालू असताना कंपायलर (कोड तपासून त्याचे जावास्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम) चूक दाखवतो (ही तपासणी आवृत्ती 2.7, 2018 पासून). रकान्याच्या नावानंतर उद्गारचिन्ह टाकून त्याला गप्प करता येते, पण मग रिकाम्या गाडीचे वजन नसलेली पावती तयार होते आणि शेतकऱ्याचा हिशेब अडतो. पहिल्या तोलाची नोंद हा एक क्लास आणि पावती हा दुसरा ठेवावा. पावतीच्या कन्स्ट्रक्टरने दोन्ही वजने मागावीत, हे उत्तम.

कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरआधी (त्याला दिल्या जाणाऱ्या किमतीच्या नावाआधी) ‘प्रायव्हेट’, ‘पब्लिक’ किंवा ‘रीडओन्ली’ लिहिल्यास रकाना जाहीर करणे आणि भरणे एकाच ओळीत होते. ही सोय टाइपस्क्रिप्टची स्वतःची आहे, जावास्क्रिप्टची नाही. त्यामुळे केवळ टाइप पुसून कोड चालवणाऱ्या साधनांना ती पेलत नाही, आवृत्ती 5.8 (2025) मध्ये अशी मांडणी नाकारण्याचा पर्याय आला.

एका क्लासला कन्स्ट्रक्टर एकच. ओव्हरलोड म्हणून अनेक सह्या (कोणते पॅरामीटर चालतील याच्या मांडण्या) लिहिता येतात, अंमलबजावणी एकच राहते. वारस क्लासमध्ये ‘सुपर’ (मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला हाक) चालण्यापूर्वी ‘धिस’ला (घडत असलेल्या ऑब्जेक्टला) हात लावता येत नाही. मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी पूर्ण होतो, वारसाच्या रकान्यांना किमती त्यानंतर मिळतात; म्हणून मूळ कन्स्ट्रक्टरमधून वारसाने बदललेली मेथड बोलावली, तर तिला रकाने रिकामेच दिसतात.

टाइप चालत्या प्रोग्रॅममध्ये उरत नाहीत. जेसन (मजकुराच्या रूपात डेटा पाठवण्याची मांडणी) वाचून आलेली किंमत कंपायलर तपासत नाही. दोन बैलगाड्यांचा कापूस 12 आणि 13 क्विंटल असा अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून, आला, तर बेरीज 25 न होता 1213 होते, आणि कन्स्ट्रक्टर तो आकडा मुकाट्याने स्वीकारतो. बाहेरून आलेली वजने कन्स्ट्रक्टरमध्येच संख्या आहेत की नाहीत हे पाहावे, नसल्यास तेथेच एरर फेकावी.